बातमीची शेवटची ओळ : बालसुरक्षेविषयी खानदेशातील वार्ताहरांस व वाचकांस

१ जुलै २०१८ ह्या रविवारी, आठवड्याचा बाजार भरलेला असताना, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा ह्या आदिवासी गावात, मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, ते मुले पळवणाऱ्या टोळीतील असावेत एवढ्याच वहिमावरून, जमावाने ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून ठार केले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशा अफवा त्यापूर्वी कित्येक दिवस मोबाइलवरून गावोगाव पोहोचत होत्या. मुलांच्या काळजीपोटी एकवटलेला समुदाय खुनी झाला, आणि ज्यांचा बळी गेला ते कोणाच्याही मुलाच्या वाटेस गेलेले नव्हते.

त्या सुमारास देशभर ज्या चित्रफिती हातोहात फिरत होत्या, त्यांपैकी एकीची हकीकत वृत्तव्यवसायात असणाऱ्या प्रत्येकाने मनाशी जतन करून ठेवावी अशी आहे. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणारे मूल उचलून पसार होतात, असे दृश्य तीत होते. ही चित्रफीत मुळात कराचीतील एका बालसुरक्षा-संस्थेने लोकजागृतीसाठी मुद्दाम तयार करविली होती. पळवलेले मूल परत आणून सोडले जाते आणि मुलांविषयी सावध राहण्याचा संदेश देणारा फलक समोर धरला जातो, असा तिचा शेवट होता. कोणीतरी तो शेवट कापून टाकला, आणि प्रबोधनासाठी जन्मलेली ती चित्रफीत अफवेचे साधन बनून आपल्या देशात वावरू लागली. संकट दाखवावे आणि उपाय सांगण्याची वेळ आली की थांबावे, एवढे केले तरी जागृतीचे रूपांतर भयात आणि भयाचे हिंसेत कसे होते, ह्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

आता आपण आपल्या वर्तमानपत्रांतील नित्याच्या बातमीकडे वळू. एखाद्या बालकावर अत्याचार झाल्याचे वृत्त जळगाव अथवा धुळे आवृत्तीच्या आतल्या पानावर येते, तेव्हा त्यात घटना असते, आरोपी असतो, गुन्ह्याची कलमे असतात, आणि ‘पुढील तपास अमुक निरीक्षक करीत आहेत’ ह्या ओळीशी मजकूर संपतो. ज्या आईने ती बातमी वाचली आणि आपल्या घरातल्या एका गोष्टीचा तिला संशय आला, तिने आता काय करावे, कोणाकडे जावे, गेल्यास तिच्या मुलीचे नाव चव्हाट्यावर येईल की काय, ह्यांविषयी त्या मजकुरात अक्षरही नसते. म्हणजे त्या कराचीच्या चित्रफितीप्रमाणे आमच्या बातमीचाही शेवट कापलेलाच असतो. भेद इतकाच की तो कोणी दुष्टबुद्धीने कापलेला नसतो, लिहिण्याचा रिवाजच तसा पडून गेला आहे. हा रिवाज मोडावा, बातमीस तिचा शेवट परत मिळवून द्यावा, ह्या एका हेतूने मी हा लेख लिहीत आहे. आणि तो तालुक्याच्या गावी बसून मजकूर पाठवणाऱ्या वार्ताहरासाठी, आवृत्तीच्या संपादकासाठी, यूट्यूबवर स्थानिक वाहिनी चालवणाऱ्या तरुणासाठी, व्हॉट्सॲपचा ग्रुप सांभाळणाऱ्या गृहस्थासाठी आणि सर्वांत अधिक साध्या वाचकासाठी आहे.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, ज्यास व्यवहारात सर्वजण ‘पोक्सो’ म्हणतात, १४ नोव्हेंबर २०१२ पासून अंमलात आहे. त्याच्या ४३ व्या कलमान्वये केंद्र व राज्य शासनांनी ह्या कायद्यातील तरतुदींस दूरचित्रवाणी, नभोवाणी व मुद्रित माध्यमे ह्यांच्या द्वारा नियमित कालांतराने व्यापक प्रसिद्धी द्यावी, जेणेकरून जनता, पालक आणि खुद्द मुले ह्यांना त्या कळाव्यात, असे बंधन घातलेले आहे. ह्या कलमातील ‘नियमित कालांतराने’ हे शब्द मला मोलाचे वाटतात. घटना घडल्यावर उसळणारी आणि आठवड्याभरात ओसरणारी प्रसिद्धी कायद्यास अभिप्रेत नाही. काहीही घडलेले नसताना, सामान्य दिवसांत चालणारी प्रसिद्धी अभिप्रेत आहे. शासनाने ते कर्तव्य कितपत पार पाडले ह्याचा जाब पत्रकारांनी अवश्य विचारावा, परंतु आपल्या हातातील स्तंभ त्यासाठी रिकामे ठेवण्याचे कारण नाही.

लोकांस प्रथम सांगावयाचे ते हे की धोका कोणत्या दिशेने येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत पोक्सोखाली दाखल होणाऱ्या बलात्काराच्या गुन्ह्यांतील आरोपी शेकडा नव्वदाहून अधिक वेळा बालकाच्या ओळखीचा निघतो. तो नातलग असतो, शेजारी असतो, कुटुंबाचा स्नेही असतो, शिक्षक किंवा मालक असतो. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतील १२,४४७ बालकांशी बोलणे झाले होते. त्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे शेकडा ५३ बालकांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले, आणि अशा बालकांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा किंचित अधिकच होते. ही पाहणी झाली त्यास आता बराच काळ लोटला, तरी तिने दाखवलेली दोन सत्ये, म्हणजे मुलगेही सुरक्षित नाहीत आणि अपराधी बहुधा विश्वासातला असतो, ही अजूनही आमच्या जनमानसात उतरलेली नाहीत. ती उतरली असती तर राईनपाड्यास जमलेल्या माणसांनी परक्या भिक्षेकऱ्यांकडे संशयाने पाहण्यापूर्वी थोडा विचार केला असता असे मी म्हणतो, ते निव्वळ आशेने नव्हे. भयाला खोटी दिशा मिळते ती खरी दिशा कोणी दाखवलेली नसते म्हणूनच.

जळगावकरांना ह्या बाबतीत ह्याहून जुना आणि अधिक जिव्हारी लागलेला अनुभव आहे. १९९४ च्या जुलैत शहरात जे लैंगिक शोषणाचे प्रकरण उघडकीस आले, त्यात शाळा-महाविद्यालयांतील मुलींना फसवून, धमकावून, छायाचित्रांचा धाक घालून दीर्घकाळ छळल्याचे आरोप होते, आणि ज्यांच्याकडे बोटे दाखवली गेली त्यांत गावातील वजनदार मंडळी होती. राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाकडे तपास गेला. मीरां चड्ढा-बोरवणकर ह्या त्या तपासाच्या प्रमुख अधिकाऱ्यांपैकी होत्या. वर्तमानपत्रांनी हे प्रकरण उचलून धरले नसते तर ते दडपले गेले असते, हे श्रेय त्यांना निःसंशय द्यावे लागेल. परंतु त्याच वर्तमानपत्रांतून पीडितांचे आकडे शेकड्यांनी छापले जात असताना प्रत्यक्ष फिर्याद देण्यास फार थोड्या मुली पुढे आल्या, आणि पुढे बऱ्याच आरोपींची न्यायालयातून सुटका झाली. मुली पुढे न येण्याचे कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही. ‘जळगावची मुलगी’ एवढे म्हणताच सोयरिकीची बोलणी थांबत होती. ज्यांचा प्रकरणाशी सुतराम संबंध नव्हता अशा घरांतील मुलींचीही स्थळे परत गेली. गुन्हा पुरुषांनी केला आणि डाग एका संपूर्ण शहराच्या लेकींवर पडला. त्या काळी पोक्सो नव्हता, मुलांसाठी निःशुल्क दूरध्वनी नव्हता, जबानी देणाऱ्या मुलीसाठी वेगळी कार्यपद्धती नव्हती. आज हे सर्व आहे, आणि तरीही पुढे येणाऱ्या मुलीच्या मनातील पहिली भीती तीच आहे, की माझे नाव कळेल.

म्हणून वार्ताहराचे पहिले कर्तव्य बालकास पूर्णपणे झाकणे हे आहे, आणि ते दिसते तितके सोपे नाही. पोक्सोच्या २३ व्या कलमानुसार बालकाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा, आसपासचा परिसर, किंवा ज्यावरून ओळख पटेल असा अन्य कोणताही तपशील कोणत्याही माध्यमात देता येत नाही. दिल्यास कमीत कमी सहा महिन्यांची आणि एक वर्षापर्यंत वाढू शकणारी कैद, दंड, अथवा दोन्ही होतात, आणि वार्ताहराबरोबर प्रकाशक व मालकही जबाबदार धरले जातात. नाव न छापण्याचा दंडक आता बहुतेक पाळतात. परंतु दीड हजार वस्तीच्या गावात ‘सातवीत शिकणारी, वडील ट्रॅक्टरचालक, आई शेतमजुरीस जाते’ असे लिहिले म्हणजे नाव लिहिण्यात शिल्लक ते काय राहिले? जळगाव शहरात जो तपशील निरुपद्रवी ठरेल तोच पारोळा किंवा शिंदखेडा तालुक्यातील एखाद्या खेड्यात बोट दाखवल्यासारखा होतो. तेव्हा मजकूर पाठवण्यापूर्वी वार्ताहराने तो गावातील किराणा दुकानदाराच्या डोळ्यांनी एकदा वाचावा. त्या दुकानदारास मूल ओळखता येत असेल तर कात्री आणखी चालवावी. तालुक्याचे नाव पुरे, गावाचे नको. वय ‘अल्पवयीन’ एवढे सांगून भागत असेल तर इयत्ता नको.

आरोपी बाप, काका, मामा किंवा सावत्र नातलग असेल तेव्हा त्याचे नाव छापणे म्हणजे मुलीचेच नाव छापणे होय, ही गोष्ट आमच्याकडे फार वेळा नजरेतून सुटते. अशा वेळी आरोपीचे नाव गाळावे, किंवा नाते गाळावे. दोन्ही एकत्र कधीही येऊ नयेत. मला स्वतःला नाते ठेवून नाव गाळणे अधिक हितावह वाटते, कारण वाचकांस नावाने काही शिकावयाचे नसते. धोका घरातही असू शकतो हे मात्र शिकावयाचे असते. छायाचित्राविषयीही हेच. चेहरा पुसट केला पण शाळेचा गणवेश, घराचे दार, अंगणातली गाय आणि रडणाऱ्या आजीचा स्पष्ट आवाज तसाच ठेवला, तर पुसट करण्याचा देखावा तेवढा होतो. यूट्यूबच्या स्थानिक वाहिन्या चालवणारे तरुण पत्रकारितेचे शिक्षण घेतलेले असोत वा नसोत, कलम २३ त्यांना तितकेच लागू आहे, हे त्यांनी लक्षात ठेवावे.

मूल हयात नसेल तरी हा नियम सुटत नाही. निपुण सक्सेना प्रकरणी ११ डिसेंबर २०१८ रोजी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मृत पीडितेची ओळखही, आईवडिलांची संमती असली तरी, सक्षम न्यायालयाच्या आदेशावाचून उघड करता येणार नाही असे बजावले आहे. २०२३ च्या उन्हाळ्यानंतर भडगाव तालुक्यात एका कोवळ्या मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला, तेव्हा सारा जिल्हा हळहळला, मोर्चे निघाले. अशा प्रसंगी मेणबत्त्यांच्या रांगेपुढे मुलीच्या छायाचित्राचा फलक धरला जातो, तो क्षोभ खरा असतो, तरीही तो फलक कायद्याच्या विरुद्ध आहे. त्या मुलीच्या गावाचे नाव मी येथे जाणूनबुजून लिहिलेले नाही. त्याच प्रकरणाच्या अनुषंगाने राजकीय व्यक्तींवर टीका करणाऱ्या पाचोऱ्यातील एका पत्रकारास भर रस्त्यात मारहाण झाली, आणि राज्यभरातील पत्रकारांनी तिचा निषेध केला. जिल्ह्याच्या ठिकाणी बसून तालुक्याच्या वार्ताहरास उपदेश करणे सोपे असते. त्यास तुटपुंज्या मानधनावर, बहुधा स्वतःच जाहिराती मिळवून, ज्यांच्याविषयी लिहावयाचे त्यांच्याच शेजारी राहावे लागते. पत्रकारांवरील हल्ल्यांस प्रतिबंध करणारा कायदा महाराष्ट्राने २०१७ साली केला आहे. त्याचा आधार अशा वार्ताहराने मागावा, आणि त्याच्या संपादकाने तो मिळवून देण्यासाठी त्याच्या पाठीशी उभे राहावे.

जाहिरातीचा विषय निघालाच आहे तर तो स्पष्टपणे बोलून टाकणे बरे. आमच्याकडे शाळा, वसतिगृहे, आश्रमशाळा चालवणारे संस्थाचालक हेच स्थानिक पत्रांचे मोठे जाहिरातदार असतात. वाढदिवसाची पानभर जाहिरात ज्यांच्याकडून येते त्यांच्या वसतिगृहात काय चालले आहे हे विचारावयास धैर्य लागते. परंतु न विचारल्यास काय होते तेही आपण पाहिले आहे. २०२३ सालीच एरंडोल तालुक्यातील एका खासगी वसतिगृहात लहान मुलींवर तेथील काळजीवाहकानेच अत्याचार केल्याची फिर्याद दाखल झाली. गुन्हा उघड झाल्यानंतर पाने भरणे हे सर्वांनाच साधते. जो प्रश्न आधी विचारला असता तर गुन्हा टळला असता, तो विचारण्यात पत्रकाराची खरी कसोटी आहे. २०२० च्या पोक्सो नियमांप्रमाणे ज्या संस्थेत मुले राहतात किंवा ज्या संस्थेचा मुलांशी नित्य संबंध येतो, तिने आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस-पडताळणी वेळोवेळी करून घेतली पाहिजे. तेव्हा जूनमध्ये शाळा उघडतात त्या सुमारास प्रत्येक तालुक्याच्या वार्ताहराने आपल्या हद्दीतील वसतिगृहांकडे साधी विचारणा करावी : पडताळणी केली काय, कधी केली, स्वयंपाकी, रखवालदार आणि मुलांची ने-आण करणारा वाहनचालक ह्यांचीही केली काय, तक्रारपेटी आहे काय, ती कोण उघडते, रात्री मुलींच्या विभागात कोण असते. मिळालेली उत्तरे, आणि जेथे उत्तर मिळाले नाही तेथे ती गोष्टही, जशीच्या तशी छापावी. ह्यात कोणावर आरोप नाही, बदनामी नाही. आणि तरीही एवढ्या चौकशीने जी जाग येते ती दहा अग्रलेखांनी येत नाही.

आता बातमीच्या शेवटाकडे येतो. ‘पुढील तपास चालू आहे’ ह्या ओळीनंतर चौकटीत पुढील मोजकी वाक्ये प्रत्येक वेळी छापली जावीत. १०९८ हा मुलांसाठीचा निःशुल्क दूरध्वनी अहोरात्र चालू असतो आणि तेथे मूल स्वतः बोलू शकते, शेजारी बोलू शकतो, शिक्षक बोलू शकतो. तातडीच्या प्रसंगी ११२ आहे. बालकावर अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची भीती असल्याचे ज्यास समजेल त्याने ते पोलिसांस कळवलेच पाहिजे, आणि न कळवणे हाच पोक्सोच्या २१ व्या कलमाखाली गुन्हा आहे. सद्‌भावनेने माहिती देणाऱ्यावर मात्र कोणतीही कारवाई होत नाही. मुलाची जबानी घेण्यास त्याला ठाण्यात बोलवावे लागत नाही. ती त्याच्या घरी किंवा तो म्हणेल त्या ठिकाणी, शक्यतो फौजदार दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावयाची असते, आणि रात्री कोणत्याही सबबीवर मुलास ठाण्यात ठेवता येत नाही. रुग्णालय सरकारी असो वा खासगी, प्रथमोपचार तत्काळ व विनामूल्य मिळतो, आणि ‘आधी पोलिसांचे पत्र आणा’ असे वैद्यास म्हणता येत नाही. खटला बंद दालनात चालतो. राज्य शासनाची मनोधैर्य योजना २ ऑक्टोबर २०१३ पासून चालू असून अर्थसाहाय्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे, वकीलही तेथूनच मिळतो. हा सगळा मजकूर एका लहान चौकटीत बसतो, आणि ज्या घरात ती चौकट कापून ठेवली जाईल त्या घराला ती केव्हा उपयोगी पडेल हे कोणास सांगता येणार नाही.

वार्तांकनाच्या निमित्ताने एखाद्या मुलाने पत्रकारापाशीच मन मोकळे केले, तर तो त्या क्षणी बातमीदार राहत नाही. माहिती कळवण्याचे बंधन घालणारे पोक्सोचे कलम १९ त्यालाही बांधते. आधी पोलीस, मग वर्तमानपत्र. मुलाची मुलाखत घेऊ नये, कॅमेऱ्यापुढे ‘पुढे काय झाले’ असे विचारू नये; वारंवार सांगावे लागण्याने मूल प्रत्येक वेळी नव्याने घायाळ होते आणि न्यायालयात त्याच्या सांगण्यातील तफावतींचा फायदा आरोपीस मिळतो. लेखनातही थोडे तारतम्य असावे. अत्याचाराचे रसभरित वर्णन, मुलीच्या पोशाखाचा किंवा ती कोठे का गेली होती ह्याचा उल्लेख, सोळा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत ‘प्रेमप्रकरणातून’ असा सहज टाकलेला शब्द, ह्यांपैकी कशाचीही वाचकास गरज नसते. अठरा वर्षांखालील मुलाच्या संमतीस कायद्याने मुळीच अर्थ नाही, हे मात्र त्यास सांगण्याची गरज असते.

सामान्य दिवसांच्या लेखनास खानदेशात जेवढे निमित्त आणि जेवढी साधने आहेत तेवढी क्वचित अन्यत्र असतील. जळगावचे आकाशवाणी केंद्र १९७६ पासून चालू आहे. अहिराणी बोलीतून बोलणारा आवाज शेतात काम करणाऱ्या बाईच्या कानी जसा पडतो तसा पुस्तकी मराठीचा पडत नाही. चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूरच्या सातपुडा पट्ट्यात पावरी, भिली बोलणाऱ्या, साक्रीकडे कोकणी, भिली बोलणाऱ्या पाड्यांवर तर छापील मजकूर पोहोचतच नाही. तेथे आठवड्याचा बाजार आणि ध्वनिक्षेपकावरून त्या त्या भाषेत केलेली पाच मिनिटांची घोषणा हेच माध्यम. राईनपाड्यास जमाव बाजाराच्याच दिवशी जमला होता. त्याच बाजारात आधीच्या रविवारी कोणी चार शहाणे शब्द बोलले असते तर, हा विचार मनातून जात नाही. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईच्या निमित्ताने मुली घरोघर एकत्र जमतात. एखादी शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका तेथे दहा मिनिटे बसून शरीराच्या खाजगी भागांविषयी, नकोशा स्पर्शाविषयी आणि गुपित ठेवावयास सांगणाऱ्या माणसाविषयी बोलली, आणि स्थानिक पत्राने तिचे बोलणे छापले, तर तो खर्चावाचून झालेला उपक्रम ठरेल. चाळीसगाव, पारोळा, साक्री ह्या भागांतील कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात. मागे नातलगांकडे राहिलेल्या मुलांची विचारपूस त्या सहा महिन्यांत कोण करते, ही एक स्वतंत्र लेखमाला आहे.

आखाजीचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. सासुरवाशिणींचा हा सण, झोक्यांचा आणि माहेरच्या गाण्यांचा. आणि अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त म्हणून बालविवाहांचाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा २१.९ स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झालेला आढळला, आणि धुळे जिल्हा त्या सरासरीच्या पुष्कळ पुढे आहे. बालविवाह हाही बालकाचा छळच आहे. चैत्रातच वर्तमानपत्रांनी हे छापावे की ग्रामसेवक हा आपल्या राज्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, असा विवाह लावणारा, ठरवणारा व त्यात सहभागी होणारा ह्यांस दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि लग्नपत्रिका छापणारे, मंडपवाले, आचारी, घोडेवाले ह्यांनीही वधूच्या जन्मतारखेची खातरजमा करूनच काम घ्यावे.

अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात साने गुरुजींनी मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक चालवले होते, आणि नंतर ‘विद्यार्थी’ हे मासिक. वसतिगृहातील मुलांची सुखदुःखे रोज लिहिणारा आणि मुलांनी रोज वाचावा असा कागद ह्याच मातीत निघत असे, हे आज वसतिगृहांच्या बातम्या वाचताना आठवल्यावाचून राहत नाही. प्रत्येक शाळेच्या फलकावर रोज एक वाक्य मुलांसाठी लिहिणे आजही शक्य आहे, आणि त्या फलकाच्या एका कोपऱ्यात १०९८ कायम राहू शकतो.

मोबाइल हाती असलेल्या वाचकासाठी एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. बालकाच्या शोषणाची एखादी चित्रफीत ग्रुपमध्ये आली तर ‘अपराधी सापडावा म्हणून’ देखील ती पुढे पाठवू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७-ब कलमाखाली अशी सामग्री पाहणे, साठवणे व प्रसारित करणे ह्यांस पाच वर्षांपर्यंत कैद व दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती जवळ बाळगणेही गुन्हा ठरू शकते असे म्हटले आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही तक्रार करता येते. तेथे किंवा पोलिसांकडे ती कळवावी. मुले पळवणाऱ्या टोळीचा संदेश आला तर ठाण्यात फोन करून विचारावे, आणि ग्रुपच्या ॲडमिनने ‘ठाण्यात विचारले, असे काही नाही’ हे उत्तर त्याच ग्रुपमध्ये लिहावे. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठवण्यास बंदी घातली. परंतु पाच ठिकाणीसुद्धा अफवा पाठवण्याचे कारण नाही.

घरातल्या वाचनाविषयी शेवटी. अशी बातमी आली की ती मुलांपासून लपवण्यासाठी वर्तमानपत्र उशीखाली सरकवले जाते. त्याऐवजी त्या संध्याकाळी मुलाशी, मुलगा असो वा मुलगी, वयाला साजेल असे बोलावे. लहानांसाठी ‘कोमल’ हा चाइल्डलाइन संस्थेने केलेला सचेतन लघुपट आहे, तो बरोबर बसून पाहावा. १३ मे २०१२ च्या रविवारी सकाळी दूरदर्शनसह अनेक वाहिन्यांवर ‘सत्यमेव जयते’ ह्या कार्यक्रमाचा ह्या विषयावरील भाग लागला होता, तेव्हा अनेक घरांत आई-वडील व मुले प्रथमच ह्या विषयावर एकत्र बसली, प्रसारमाध्यम मनावर घेईल तर काय करू शकते हे तेव्हा दिसले. मुलाने काही सांगितले तर त्यावर विश्वास ठेवावा, ‘तू तेथे का गेलास’ असे विचारू नये, खोदून खोदून प्रश्न करू नयेत, त्या वेळचे कपडे न धुता कागदात गुंडाळून ठेवावेत, आणि घराण्याच्या अब्रूची बैठक बोलावण्यापूर्वी १०९८ ला फोन लावावा.

आणि ज्या वर्तमानपत्रात मुलाची ओळख उघड झालेली दिसेल, किंवा अत्याचाराच्या बातमीखाली १०९८ हा क्रमांक छापलेला नसेल, त्या वर्तमानपत्राच्या संपादकास वाचकांनी त्याच दिवशी पत्र लिहावे. नाव घालून, सही करून, सभ्य भाषेत, आणि चौकट छापली जाईपर्यंत पुन्हा पुन्हा.